शेगडी उखडण्याआधी एक हिवाळा तिच्यावर रांधून पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरांविषयी आलेला लेख वाचला. इंग्लंडमधील जुन्या घरांत आढळणाऱ्या, चोवीस तास तापलेल्या राहणाऱ्या ‘आगा’ शेगडीची बोळवण त्यात लेखिकेने ‘श्रीमंतांचा इंधनखाऊ शौक’ अशा एका वाक्यात केलेली आहे. इंधनाचा आरोप निराधार नाही आणि त्याविषयी मी पुढे आकड्यांसह लिहिणारच आहे. परंतु अशा शेगडीवर अनेक वर्षे रोजचा वरणभात, भाजी-पोळी करत आल्यामुळे तिची दुसरी बाजूही वाचकांसमोर यावी असे वाटते. त्याला एक व्यावहारिक कारण आहे. येथील सरकारी आरोग्यसेवेत नोकरी करणारी काही मराठी कुटुंबे आता लहान गावांत जुनी दगडी घरे विकत घेऊ लागली आहेत आणि अशा घरात आगा असली तर किल्ल्या हाती पडताच सर्वांत आधी तीच काढून टाकण्याचा बेत ठरतो. तिच्यावर एकदाही न शिजवता तो बेत अमलात आणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्यांनी ही शेगडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. आगा ओतीव लोखंडाची असून तिच्यावर रंगीत इनॅमलचा लेप असतो. दोन ओव्हनची लहान आगासुद्धा सुमारे चारशे किलो भरते, त्यामुळे ती सुट्या भागांत घरी येते आणि कारागीर ती जागेवरच जुळवून देतो. तिच्या पोटात एकच लहान ज्वाला किंवा निखाऱ्यांची एकच भट्टी असते. त्या उष्णतेने लोखंडाचा सगळा गड्डा तापतो, आणि भोवतीच्या जाड उष्णतारोधक अस्तरामुळे ती ऊब आत साठून राहते. वर एक फुटाहून अधिक व्यासाच्या दोन सपाट चकत्या असतात, एक खळखळून उकळी आणणारी आणि दुसरी मंद आचेची. दोन्हींवर उष्णता अडवून धरणारी जाड, गोलसर झाकणे बसवलेली असतात. खाली एक कडक आचेचा ओव्हन, साधारण २३० ते २५० अंश सेल्सिअसचा, आणि एक संथ ओव्हन, ११०-१२० अंशांच्या आसपासचा. मोठ्या आगेत यांच्या जोडीला बेकिंगचा आणि नुसता कोमट असे आणखी दोन ओव्हन येतात. पारंपरिक आगेला आच कमी-जास्त करणारी बटणे नसतात. नव्या माणसाला पहिला धक्का बसतो तो याच गोष्टीचा.

हिचा जनक गुस्ताफ दालेन हा स्वीडनचा संशोधक होता. दिवस उजाडला की दीपगृहाचा गॅसचा दिवा आपोआप विझवणारी आणि अंधार पडला की तो पुन्हा पेटवणारी झडप त्याने शोधली, आणि अशाच स्वयंचलित यंत्रणांसाठी त्याला १९१२ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी गॅसच्या टाक्यांची चाचणी घेताना झालेल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली होती. पुढे घरात वेळ घालवावा लागल्यावर पत्नीला स्वयंपाकासाठी सतत जाळ सांभाळत राबावे लागते हे त्याच्या ध्यानात आले आणि १९२२ साली त्याने ही शेगडी तयार केली, असे सांगितले जाते. गंमत अशी की, दिवसाचा गॅस वाचावा म्हणून दिवा विझवणारे यंत्र करणाऱ्याच माणसाने कधीच न विझणारी शेगडी बनवली, आणि तीही इंधनाची बचत साधणारी. त्या काळच्या कोळशाच्या साध्या शेगडीची बरीचशी उष्णता धुराड्यातून निघून जाई आणि सकाळी ती नव्याने पेटवावी लागे. दालेनच्या शेगडीत हवेचा झोत आपोआप नियंत्रित होत असल्यामुळे कोळसा संथ जळे, आणि दिवसातून एक-दोनदा कोळसा घालून राख काढली की काम भागे. १९२९ साली ती ब्रिटनमध्ये आली, पुढे तेथेच तिचे उत्पादन सुरू झाले आणि तिचे लोखंडी भाग श्रॉपशर परगण्यातील कोलब्रुकडेल येथे ओतले जाऊ लागले. १७०९ साली एब्राहम डार्बीने दगडी कोळसा भाजून केलेल्या कोकवर लोखंड वितळवण्यात प्रथम यश मिळवले ते याच गावी. तेथील ओतशाळा २०१७ साली बंद झाली.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे शिजवण्याकडे वळते. गॅसच्या शेगडीवर भांडे एका जागी राहते आणि आपण आच बदलतो; आगेवर आच एका जागी राहते आणि आपण भांडे हलवतो. चुलीवर रांधलेल्या आपल्या आजी-पणजींना यात नवे काहीच वाटले नसते. मुख्य जाळावर भाताला उकळी आणून तो वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, सरकवायचा, तोवर जाळावर आमटी चढवायची, दूध निखाऱ्यांवर ठेवून द्यायचे, रात्री विस्तव राखेखाली झाकायचा आणि पहाटे तोच फुंकून पुन्हा चेतवायचा, या सगळ्यामागची समज तीच आहे. चुलीचा धूर, डोळ्यांची आग आणि सरपणाची वणवण मात्र येथे नाही. शहरी मराठी स्वयंपाकघरांत प्रेशर कुकर आणि गॅस आल्यावर ही समज दोन पिढ्यांत विरून गेली. माझ्यासारख्या गॅसवर वाढलेल्या बाईला ती एका स्वीडिश शेगडीकडून पुन्हा शिकावी लागली.

भाताचेच उदाहरण घ्या. तांदूळ धुऊन, मोजून पाणी घालून भांडे उकळीच्या चकतीवर ठेवायचे, उकळी फुटली की घट्ट झाकण लावून संथ ओव्हनमध्ये सरकवायचे आणि पंधरा-वीस मिनिटे विसरून जायचे. तो खाली लागत नाही, उतू जात नाही, आणि जेवायला पाच-दहा मिनिटे उशीर झाला तरी त्याचे काही बिघडत नाही. वरणाची डाळ, मटकी, वाल, छोले यांचेही तेच. आदल्या दिवशी भिजवलेले कडधान्य रात्री उकळी आणून संथ ओव्हनमध्ये ठेवले की सकाळी दाणा अखंड राहूनही बोटाने चिरडता येईल इतका मऊ झालेला असतो. कुकरच्या शिट्ट्यांनी जे वीस मिनिटांत उरकते ते येथे सात-आठ तास घेते, पण ते तास आपले नसतात, शेगडीचे असतात. एका बाबतीत मात्र सावध राहावे. राजम्यात नैसर्गिकरीत्या असणारे विषारी द्रव्य संथ आचेने नाहीसे होत नाही, म्हणून भिजवलेले पाणी टाकून देऊन, ताज्या पाण्यात तो आधी किमान दहा मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे आणि मगच ओव्हनमध्ये ठेवावा.

येथील जुन्या जाणत्या गृहिणी सांगतात की आगेवरचा ऐंशी टक्के स्वयंपाक ओव्हनमध्ये आणि वीसच टक्के वरच्या चकत्यांवर व्हायला हवा. मराठी माणसाला हे आधी विचित्र वाटते, कारण आपल्याकडे ओव्हन म्हटले की केक आणि नानकटाई. परंतु या ओव्हनची उष्णता तापलेल्या लोखंडाच्या सर्व भिंतींतून सारखी येते. पंख्याच्या ओव्हनमध्ये गरम वारा फिरतो आणि पदार्थ कोरडा पडतो, तसे येथे होत नाही. भरली वांगी झाकणाच्या जाड भांड्यात घालून दीड तास आत ठेवली तर मसाला करपत नाही आणि वांग्याचा आकारही मोडत नाही. मटणाचा रस्सा फोडणी आणि परतणे वर उरकून तीन तास संथ ओव्हनमध्ये ठेवला तर मांस हाडापासून सुटते आणि रस्सा मात्र आटलेला नसतो. वरखाली निखारे ठेवून भानोले करण्याची जी पद्धत आपल्याकडे होती आणि गोव्यात बेबिंक्याचा एकेक थर वरून निखाऱ्यांची धग देऊन भाजण्याची जी रीत आहे, त्या दोन्ही पदार्थांना कडक ओव्हनचा वरचा कप्पा चांगला मानवतो. तेथे धग वरच्या बाजूने अधिक असते, आणि ती कमी हवी असेल तर पदार्थाच्या वर लोखंडी पत्रा सरकवायचा, एवढीच तिची युक्ती.

मंद आचेची चकती हाच मुळी एक मोठा तवा आहे. ती पुसून, तेलाचा हात फिरवून तिच्यावर घावन किंवा थालीपीठ थेट टाकता येते, आणि कडेला लोण्याचे भांडे ठेवले तर लोणी आपसूक पातळ होते. ज्वारीचे पीठ येथे चांगले मिळाले तर भाकरीही जमते. तव्यावर एक बाजू शेकून झाली की टोस्ट भाजण्यासाठी शेगडीसोबत मिळणाऱ्या तारेच्या जाळीत भाकरी धरायची, उकळीच्या चकतीवर ठेवून झाकण पाडायचे, आणि क्षणभर थांबायचे. ती फुगते. जाळावरच्या भाकरीचा वास तिला येत नाही, हे कबूल करायला हवे. भरताच्या वांग्याचे दुखणे तेच, कारण कडक ओव्हनच्या तळावर ते छान भाजले जाते पण धुराचा स्वाद येणार कोठून?

थंड देशात राहणाऱ्यांना मी ज्या गुणासाठी ही शेगडी सर्वाधिक मोलाची समजते तो शिजवण्याचा नसून मुरवण्या-आंबवण्याचा आहे. नोव्हेंबर ते मार्च इंग्लंडच्या स्वयंपाकघरात दही नीट लागत नाही आणि इडली, आंबोळी, ढोकळा यांचे पीठ दोन-दोन दिवस तसेच्या तसे पडून राहते. मग कोणी ओव्हनचा दिवा लावून ठेवतो, कोणी भांडे रजईत गुंडाळतो. आगेच्या शेजारच्या ओट्यावर झाकून ठेवलेले पीठ रात्रीत फुगून वर येते, दही कवडीसारखे घट्ट लागते. चिवड्याचे पोहे आपण उन्हात घालतो. येथील दिवाळीत ऊन कुठले, पण कोमट ओव्हनमध्ये तासभर पसरून ठेवलेले पोहे तितकेच कुरकुरीत होतात. लोणी संथ ओव्हनमध्ये कढवले तर तूप रवाळ निघते आणि बेरी जळत नाही. दूध मंद चकतीच्या कडेला ठेवले तर जाड साय धरते, आणि बासुंदी तेथेच, अधूनमधून ढवळत, दुपारभरात आटते.

शेतकरी कुटुंबे तर तिचा याहूनही वेगळा उपयोग करतात. वसंताच्या सुरुवातीला थंडीत गारठलेले अशक्त कोकरू कोमट ओव्हनचे दार उघडे ठेवून त्याच्या तोंडाशी ऊब देत जगवण्याची रीत येथे सर्वांना ठाऊक आहे. मला ते प्रथम ऐकून अंगावर काटा आला होता. आता त्यात वावगे काही वाटत नाही. शेगडीच्या पुढच्या दांडीवर ओले पंचे वाळतात, मुलांचे शाळेचे मोजे वाळतात. घनइंधनावर चालणाऱ्या जुन्या आगेला विजेचीही गरज नसते. नोव्हेंबर २०२१ मधील आर्वेन वादळानंतर उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील हजारो घरे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी गरम चहा आणि उबदार खोली देणारी शेगडी घरात असणे याला शौक म्हणणे मला जड जाते.

तिच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत, कारण स्तुतीच ऐकून कोणी ही शेगडी ठेवून घेतली तर पहिल्याच आठवड्यात त्याची निराशा होईल. तळणीसाठी ती भरवशाची नाही. झाकण उघडे राहिले की चकतीची साठलेली उष्णता खोलीत निघून जाते, त्यामुळे शेवटच्या घाण्यापर्यंत तेल हवे तसे तापलेले राहत नाही. चकल्या-करंज्यांसाठी मी सरळ विजेची छोटी शेगडी काढते. पंगतीचा स्वयंपाक एकदम काढला तर ओव्हनही गार पडतात आणि पुन्हा तापायला कित्येक तास घेतात, म्हणून पाहुणे येणार असतील तर कामाचा क्रम आदल्या दिवशीच ठरवावा लागतो. गोल बुडाची कढई आणि पातळ ॲल्युमिनियमची पातेली येथे निरुपयोगी, कारण भांड्याचा तळ चकतीला पूर्ण टेकला तरच उष्णता वर येते. शिवाय ओव्हनमधला वास धुराड्यातून बाहेर जात असल्यामुळे आत काही विसरले तर नाकाला पत्ता लागत नाही. आठवडाभराने ओव्हनच्या कोपऱ्यात बटाट्यांचा कोळसा सापडल्याच्या कथा प्रत्येक आगावाल्या घरात हसत हसत सांगितल्या जातात.

आता इंधन. गॅसवर चालणारी दोन ओव्हनची पारंपरिक आगा आठवड्याला सुमारे ४२५ किलोवॅट-तास ऊर्जा घेते, म्हणजे वर्षाला २२ हजारांच्या घरात. ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाच्या २०२३ सालच्या हिशेबाने येथील मध्यम घराचा गरम पाणी, खोल्या तापवणे आणि स्वयंपाक मिळून वर्षाचा गॅस साधारण साडेअकरा हजार किलोवॅट-तास भरत होता. आपल्या वाचकांना समजेल अशा मापात सांगायचे तर घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर या शेगडीला चार दिवसही पुरणार नाही. हे आकडे वाचून कोणाचे मन तिच्याविरुद्ध गेले तर मी वाद घालणार नाही. २०२२ साली इंधनाचे दर भडकले तेव्हा अनेक आगा वर्षानुवर्षांनंतर प्रथमच थंड झाल्या, आणि ज्यांच्या त्या थंड झाल्या त्यांचा निर्णय चुकला असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

तरीही हा हिशेब मांडताना एक बाब बहुधा वगळली जाते. आठवड्याचे ४२५ किलोवॅट-तास म्हणजे सतत सरासरी अडीच किलोवॅट. त्यातील काही भाग धुराड्यातून जातो, परंतु उरलेली उष्णता घरातच उतरते. जाड दगडी भिंतींच्या, दुहेरी काचा नसलेल्या, ऑक्टोबर ते एप्रिल ओल धरणाऱ्या घरात ती उष्णता कोणत्या ना कोणत्या मार्गाने द्यावीच लागते. ज्या घरात दिवसभर माणसे असतात, म्हातारे सासू-सासरे किंवा लहान मूल स्वयंपाकघरातच वावरते, तेथे आगा हीटरचे, कपडे वाळवण्याच्या यंत्राचे, किटलीचे आणि टोस्टरचे बरेचसे काम अंगावर घेते. ज्या घरातील दोघेही सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सातला परततात, तेथे ती रिकाम्या घराला ऊब देत बसते आणि तेथे लेखिकेचा आरोप शब्दशः लागू पडतो. उन्हाळ्यात तर कोणाच्याच घरात तिचे समर्थन होऊ शकत नाही. आम्ही जूनच्या आसपास ती विझवतो आणि सप्टेंबर सरताना पुन्हा पेटवतो, आणि येथील बहुतेक समंजस घरांत आता हीच रीत आहे. पुण्या-मुंबईत किंवा पणजीत ही शेगडी कोणी हौसेने आणून बसवली तर त्याला मात्र लेखिकेच्या स्वाधीन करायला मी तयार आहे.

यातून मार्ग नाही असेही नाही. जुन्या आगेच्या पोटातील तेलाचा किंवा गॅसचा बर्नर काढून तेथे विजेची व्यवस्था बसवून देणारे कारागीर आता ब्रिटनभर आहेत, आणि आगेच्या विजेवरच्या नव्या प्रकारांत चकत्या आणि ओव्हन वेगवेगळे चालू-बंद करता येतात, रात्री आच उतरवून ठेवता येते. साठवलेल्या उष्णतेवर शिजवण्याचे गुण त्यात बरेचसे टिकतात आणि खर्च पुष्कळ उतरतो, मात्र स्वयंपाकघराची कायमची ऊब तेवढी राहत नाही. ज्यांच्या घरी छपरावर सौर पॅनेल आहेत त्यांनी याचा विचार अवश्य करावा.

म्हणून जुन्या घराबरोबर अशी शेगडी ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ती ऑक्टोबरात सर्व्हिसिंग करून पेटवावी. तेलाच्या आगेला सहा महिन्यांनी आणि गॅसच्या आगेला वर्षातून एकदा ती लागते, आणि बिघडलेल्या बर्नरवर तिची परीक्षा घेणे अन्यायाचे होईल. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा अलार्म खोलीत बसवावा, धुराडे साफ करून घ्यावे, सपाट जाड बुडाची दोन-तीन भांडी घ्यावीत, आणि मार्चपर्यंत मीटरचे आकडे दर रविवारी लिहून ठेवावेत, आगेचेही आणि इतर हीटिंगचेही, म्हणजे निर्णय ऐकीव गोष्टींवर होणार नाही. त्यानंतरही ती नकोच असे ठरले तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या आगेच्या अस्तरात किंवा धुराड्याच्या जोडांत फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे घणाचे घाव घालून ती स्वतः फोडण्याच्या फंदात पडू नये आणि आधी जाणकाराकडून तपासून घ्यावी. आणि चांगल्या स्थितीतील शेगडी भंगारात घालण्याआधी जुन्या आगा दुरुस्त करून विकणाऱ्यांना विचारावे; ते ती सुटी करून घेऊन जातात आणि नव्याने इनॅमल चढवून दुसऱ्या घरात उभी करतात.

आपली नम्र,
एक वाचक
श्रॉपशर, इंग्लंड